निळ्या कोटावरचे गुलाबी टाके

"मावशी, कात्री आहे का गं?" मॅडमनं विचारलं.

मी दिली. पिशवीतून काढली, धार माझ्याकडे आणि मूठ तिच्याकडे करून दिली. मला वाटलं, कुठं दोरा लोंबत असेल.

ती स्टुलावर चढली आणि पडद्यावरच्या बुद्धाच्या मांडीवर उभा असलेला निळ्या कोटातला माणूस उसवायला लागली. आधी पायाकडचे टाके. मग बाजूचे. मग डोक्याकडचे. हॉलमध्ये लोक होते, हातात चहाचे कप होते. कोणी चहा पिणं थांबवलं नाही. माणूस सुटून आला. त्याचा कोट, वर उचललेलं बोट, काखेतलं पुस्तक, सगळं एका तुकड्यात. तिनं तो दोन बोटांच्या चिमटीत धरला आणि माझ्या हातात सोडला. ठेवला नाही. वरून सोडला.

"आता बघा," ती लोकांना म्हणाली, "किती शांत वाटतो!"

बुद्धाच्या मांडीत भोक पडलं होतं. त्यातून मागची पांढरी चादर दिसत होती.

"मावशी, इथं एक छानसं कमळ लावून दे. पाहुणे यायच्या आत. साटीन आणलंय मी." तिनं गुलाबी साटीनचा तुकडा आणि गुलाबी दोऱ्याची रीळ माझ्याकडे दिली. "आणि तो तुकडा जपून ठेव हो. घरी लाव."

माझा मुलगा दाराजवळ उभा होता. टाय लावून. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

निळ्या कोटातला माणूस कोण, त्याचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं. मॅडमलाही कळलं होतं. म्हणूनच तिनं कात्री मागितली.

मी भोपाळची नाही. नागपूरकडची. लग्न होऊन आले तेव्हा नवरा इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात फिटर म्हणून लागला होता. कारखान्याची टाउनशिप होती. रुंद रस्ते, गुलमोहर, शाळा, दवाखाना, सगळं कारखान्याचं. बंगले साहेबांचे आणि क्वार्टर आमचे. क्वार्टरच्या शेवटच्या रांगेमागं आम्ही एक खोली बांधली आणि तिला विहार म्हणायला लागलो. वर पत्रा, आत एक मूर्ती, भिंतीवर दोन फोटो. माझं संसारातलं जे काही होतं ते घर आणि ही खोली यांच्या मध्येच झालं.

दरवर्षी बुद्ध जयंतीला मूर्तीमागं लावायला पडदा लागायचा. मंडपवाल्याकडे एकच पडदा होता, लग्नाचा. त्यावर दोन मोर आणि खाली 'शुभ विवाह'.

वच्छलाबाई आमच्या शेजारच्या क्वार्टरमधली. तिचा नवरा आणि माझा नवरा कारखान्याच्या एकाच शॉपमध्ये. तिनं एका वर्षी तो पडदा बघितला आणि वंदनेच्या मधेच म्हणाली, "बाप्पा! तथागत कोणाच्या लग्नाला आले वो?"

बाया हसल्या. भंतेजीही हसले. पण मला तो पडदा त्यानंतर बघवेना. मी म्हणाले, आपणच करू. चित्र काढता येत नाही तर नाही. गोधडी तर येते.

गोधडीसारखंच केलं. खाली जुनी पांढरी चादर दुहेरी घातली. चेहऱ्याला रंग हवा होता. टॉकीजजवळ पोस्टर चिकटवणारा होता, तो उरलेली पोस्टरं द्यायचा. मी हिरोचे गाल कापले. एका हिरोचा एक, दुसऱ्याचा दुसरा. मान हिरोइनची. कपाळ मोठं हवं होतं, ते व्हिलनचं घेतलं, व्हिलनची कपाळं मोठी छापतात. वच्छलाबाई म्हणाली, "पाय वो, डाकूबी शेवटी इथंच आला." मिटलेले डोळे साबणाच्या जाहिरातीतल्या बाईचे. कागद मैद्याच्या खळीनं चादरीवर बसवला आणि सुकल्यावर जाड सुईनं सगळ्यावरून टाके घातले. टाक्यांशिवाय कागद टिकत नाही. खळीला उंदीरही लागतात.

बुद्धाचे कुरळे केस कॅसेटच्या फितीचे केले. खराब झालेल्या कॅसेटी प्रत्येक घरी होत्या. त्यांत सिनेमाची गाणी होती, जयंतीची गाणी होती, कोणाच्या लग्नात भरलेली रडारड होती. फीत बोटावर गुंडाळायची आणि टाक्यात पकडायची. डोक्यामागचं तेजाचं वर्तुळ सोड्याच्या बाटल्यांच्या ढक्कनांचं. हातोडीनं चपटी करून, खिळ्यानं भोकं पाडून शिवली. अंगावरचं चीवर चिवड्याच्या रिकाम्या पन्न्यांचं आणि केशरी साड्यांच्या काठांचं. दिवा लावला की सगळं चमकायचं. पोरं समोर बसून हिरो ओळखायची.

आणि मांडीवर मधोमध तो, निळ्या कोटातला.

त्या कोटाचं कापड बाजारातलं नव्हतं. कारखान्याचा ड्रेस निळा होता. पँट, शर्ट, जाड कापड, तेलाच्या वासाचं. आमच्या रांगेतल्या बाया जुने कपडे बोहारणीला घालायच्या आणि भांडी घ्यायच्या. साड्या द्यायच्या, मुलांचे कपडे द्यायच्या. पण नवऱ्याचा ड्रेस कोणी दिला नाही. फाटला, तो रिटायर झाला, मेला, तरी दिला नाही. असं ठरलेलं नव्हतं. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. पेटीच्या तळाशी घडी करून ठेवायचो. आमच्या सासऱ्यांच्या अंगावर गावात कधी धड सदरा नव्हता. त्यांना पाटलाच्या दारात लांब उभं राहावं लागायचं. त्यांचा मुलगा निळा ड्रेस घालून गेटातून आत जात होता, आणि वॉचमन त्याला थांबवत नव्हता. तो ड्रेस भांड्यांच्या बदल्यात कशी देणार?

मी कोटासाठी कापड मागितलं तेव्हा रांगेतली प्रत्येक बाई आपल्या पेटीतून एक तुकडा घेऊन आली. निळ्याच्या छटा वेगवेगळ्या होत्या. कोणाचा धुऊन धुऊन राखाडी झालेला. वच्छलाबाईच्या तुकड्यावर ठिणगीनं पडलेली भोकं होती. माझा नवरा तेव्हा वारलेला होता. मी त्याच्या शर्टाचा खिसा दिला. तो कोटाचा खिसा झाला.

एवढं त्या तुकड्यात होतं. मॅडमनं जे चिमटीत धरलं ते हे होतं.

मॅडम मोठ्या साहेबांची बायको. मराठी. बोलणं पुण्याचं, स्वच्छ. तिचं स्वतःचं घर शहरातल्या अरेरा कॉलोनीत होतं, पण साहेब असेपर्यंत ती टाउनशिपच्या बंगल्यात राहायची. लेडीज क्लब तीच चालवायची. एका जयंतीला साहेबांना बोलावलं होतं. ते आले नाहीत, तिला पाठवलं. ती आली, फूल वाहिलं, आणि पडद्यापुढंच उभी राहिली. भंतेजी बोलत होते तरी तिचं लक्ष तिकडेच.

"हे कोणी केलं? हे तर अगदी आजचं आर्ट आहे! सिनेमा आणि बुद्ध! दिल्लीत लोक असलं करायला धडपडतात." तिनं पन्नीवरून बोट फिरवलं. मला बरं वाटलं. खोटं का बोलू.

मग माझा मुलगा निरोप घेऊन आला. विजू. तोही त्याच कारखान्यात, पण ऑफिसात, ज्युनिअर ऑफिसर. बापाच्या ड्रेसनं त्याला शिकवलं. ऑफिसात तो स्वतःला व्ही. के. म्हणवतो. आडनाव विचारलं की म्हणतो, आम्ही नागपूरचे. त्याची बढती मोठ्या साहेबांच्या टेबलावर होती. मी त्याच्याच घरी राहत होते, ऑफिसरांच्या दोन खोल्या जास्त असलेल्या क्वार्टरमध्ये.

"आई, मॅडमना तो पडदा हवाय. अरेरा कॉलोनीत त्यांचं प्रदर्शन आहे. दिल्लीचे एक मोठे चित्रकार येणारेत."

"पडदा माझा एकटीचा नाही," मी म्हणाले. "रांगेला विचारते."

रांगेनं हो म्हटलं. वच्छलाबाई म्हणाली, "नेऊ दे. पण जसा नेला तसा आणजो म्हणा."

मॅडमनं मला आधीही एकदा हातावर वरून टाकलं होतं, ते इथं सांगायला हवं. म्हणजे तीच नव्हे. तिच्या साहेबांच्या आधी जे साहेब होते, त्यांची बायको. टाउनशिपच्या मराठी मंडळात हळदीकुंकू होतं. मी नवीन होते, मला वाटलं आपण मराठी, आपणही जायचं. सगळ्यांना कुंकू लावून हातात वाण देत होत्या. माझ्यापाशी आल्यावर त्या बाईनं विचारलं, "तुम्ही कोणाकडच्या?" मी नवऱ्याचं नाव सांगितलं, आडनावासकट. कुंकवाचा करंडा पुढच्या बाईकडे गेला. वाण मिळालं. प्लास्टिकची चाळणी होती. माझ्या ओंजळीत वरून पडली. मी ती घरी आणली आणि कितीतरी वर्षं त्या चाळणीनं चहा गाळला. विजू लहान होता, नवरा नोकरीत कायम व्हायचा होता. गप्प बसले. गप्प बसायची हाताला सवय होते. कोणी मागितलं की द्यायचं, वरून टाकलं की झेलायचं. म्हणून कात्री मागितली तेव्हा माझा हात मला न विचारता पुढं गेला.

आता हॉलमध्ये परत येते.

माझ्या एका हातात निळा माणूस, दुसऱ्या हातात गुलाबी साटीन. मॅडम घड्याळ बघत होती.

"मॅडम, हा का काढला?" मी विचारलं.

"अगं मावशी, बुद्ध म्हणजे शांती. करुणा. त्यात हे आणलं की लगेच राजकारण होतं. लोकांचं लक्ष तिकडं जातं."

"आणि व्हिलनचं कपाळ चालतं?"

ती हसली. "ती तर गंमत आहे गं. त्यातच तर मजा आहे."

"डाकू चालतो, हा चालत नाही."

तिचं हसू गेलं. "हे बघ, वाद घालायला वेळ नाही. तुझ्या मुलाशी माझं बोलणं झालंय. व्ही. के., सांगा ना आईला."

विजू जवळ आला. त्याच्या कपाळावर घाम होता. "आई, लाव कमळ. परत आणल्यावर पुन्हा शिवता येईल. कोणाला कळणार आहे?"

"तुला माहीत होतं?"

"आई, हळू."

"तुला विचारलं होतं तिनं?"

त्यानं मॅडमकडे बघितलं. रडू नाही आलं. राग आला. मी सुई काढली. गुलाबी दोरा ओवला. मॅडमला वाटलं, बाई वळणावर आली. ती दुसऱ्या चित्रांकडे गेली.

साटीन मी खाली जमिनीवर ठेवलं. स्टुलावर चढले. माझे गुडघे दुखतात, विजूनं हात पुढं केला. मी भिंत धरली. निळा माणूस त्याच्या जागी लावला आणि डोक्याकडून शिवायला सुरुवात केली. गुलाबी दोऱ्यानं. मोठे मोठे टाके, जसे येतील तसे.

पाठीमागं गडबड झाली. पाहुणे आले होते. मी वळले नाही. बुटांचे आवाज माझ्या मागं येऊन थांबले. मॅडमचा आवाज आला, गोड, हिंदीत. "सर, ये वो पीस है जो मैंने बताया था. हमारे टाउनशिप की औरतें... ये अभी थोड़ा काम बाकी है."

एक जाड आवाज म्हणाला, "अच्छा, यही हैं? वाह. इनके हाथ की फोटो लो भाई. चेहरा नहीं, सिर्फ़ हाथ. देखो कैसे हाथ हैं."

फ्लॅश पडला. माझ्या हातांवर. मी टाका घातला.

"आई, उतर," विजू खालून म्हणाला. ओठ न हलवता.

"शिवून झालं की उतरते."

मग तो चित्रकार पुढं झुकला. "ये कौन है? नीले कोट में?"

मॅडम म्हणाली, "कुछ नहीं सर, इनका कुछ घरेलू है. हम हटा रहे थे."

"लेकिन है कौन? सेल्समैन लगता है. किताब बेचनेवाला." दोन-तीन जण हसले. तो खरंच ओळखत नव्हता की गंमत करत होता, मला आजही सांगता येत नाही. त्यानं विजूकडे बघितलं. टाय बघून त्याला वाटलं असेल, हा शिकलेला आहे. "आपको मालूम है?"

मी सुई अर्धी आत घालून थांबले.

विजूच्या जन्माच्या वेळी माझ्या उशाशी त्याच माणसाचा फोटो होता. शाळेत घातला तेव्हा नवऱ्यानं आधी त्या फोटोपुढं त्याला उभं केलं होतं. त्याच्या पहिल्या पगाराचा हार त्याच फोटोला गेला होता. हार त्यानं स्वतः टी. टी. नगरच्या बाजारातून आणला होता.

"मालूम नहीं, सर," विजू म्हणाला.

मी सुई ओढली.

"मला माहीत आहे," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले. पुढं बोलले नाही. त्यांनी विचारलंही नाही. त्यांना हात हवे होते, हात काम करत होते. पायाकडचे टाके राहिले होते, ते घातले. गाठ मारली. दोरा दातानं तोडला. कात्री अजून मॅडमकडे होती.

मग उतरले. पुन्हा भिंत धरून.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. ती माझ्याशी बोलली नाही. हॉलच्या माणसांना म्हणाली, "इसे उतारिए." त्यांनी पडदा ओढून काढला. तीन ढक्कनं फरशीवर पडली, एक गडगडत त्या चित्रकाराच्या बुटापाशी गेलं. मी वाकून उचललं. पडद्याची घडी केली. मॅडमपुढं जाऊन हात पसरला.

"कात्री," मी म्हणाले.

तिनं टेबलावर ठेवली. माझ्या हातात दिली नाही. मी हात तसाच ठेवला. उभी राहिले. सगळे बघत होते. शेवटी तिनं उचलून माझ्या तळहातावर ठेवली. तिची बोटं माझ्या हाताला लागली. मग मी निघाले.

विजू गाडीतून येईन म्हणाला, आला नाही. मी टेम्पोतून आले. पडदा मांडीवर. शेजारची बाई म्हणाली, "अम्मा, इसमें क्या खनखना रहा है?" मी म्हणाले, "ढक्कन." ती सरकून बसली.

विजू संध्याकाळी घरी आला. बूटही काढले नाहीत.

"एका चिंधीपायी तू माझं वाटोळं केलंस."

"चिंधी म्हणालास?"

"मग काय म्हणू? आई, तुला नाही कळत. तिथं बसावं लागतं मला त्यांच्यासोबत. जेवावं लागतं. तू आलीस चौथी शिकून आणि..."

"त्या चिंधीत तुझ्या बापाचा खिसा आहे."

"माहीत आहे मला!" तो ओरडला. "माहीत असूनच हो म्हणालो. मॅडमनी कालच विचारलं होतं. काढू का म्हणून. मी म्हणालो, काढा."

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली.

मला मॅडमचा राग होता, तो तेवढाच राहिला. वाढला नाही, कमी झाला नाही. तिच्याकडून मी वेगळं काही मागितलंच नव्हतं. पण कात्रीची मूठ माझ्या घरातून तिच्या हातात गेली होती. आधी मुलानं दिली, मग मी. त्या संध्याकाळी मला एवढं कळलं की तिच्याजवळ स्वतःची कात्री नव्हतीच. आम्ही पुरवली.

मी त्याच आठवड्यात विजूचं घर सोडलं. विहाराच्या मागं एक खोली होती, भंतेजी आले की उतरायची. तिथं राहायला गेले. पेन्शन आहे. वच्छलाबाई दुपारी येते. विजूची बढती अडली. माझ्यामुळं अडली म्हणतो. असेल. मी नाही म्हणत नाही.

पडदा रांगेला दाखवला. बाया कोटावरचे गुलाबी टाके बघत राहिल्या. वच्छलाबाई म्हणाली, "काहून वो असं वाकडंतिकडं शिवलं? सोड ते. मी निळ्या दोऱ्यानं बारीक घालून देतो, कापलं होतं ते समजणारबी नाही."

"समजलं पाहिजे," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग आपल्या नवऱ्याच्या तुकड्यावरच्या भोकांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मंग राहू दे."

आता पडदा विहाराच्या आत लागत नाही. जयंतीला बाहेर लागतो, रस्त्याकडच्या भिंतीवर. साहेबांच्या गाड्या त्याच रस्त्यानं गेटाकडे जातात. त्या प्रदर्शनानंतर शहरातून पोरंपोरी यायला लागली, कॅमेरे घेऊन. त्यांना कोणी सांगितलं, मला माहीत नाही. त्यांना बुद्धाचे सिनेमाचे गाल आवडतात, ढक्कनं आवडतात. येऊ देते. पण भिंतीजवळ माझी खुर्ची असते. फोटो काढायचा असेल तर आधी निळ्या कोटातल्या माणसाचं नाव घ्यायचं. मोठ्यानं. रस्त्यावर ऐकू जाईल असं. काही जण लगेच घेतात. काही जण आजूबाजूला बघतात आणि मग घेतात. काही जण म्हणतात, "आंटी, हमें तो बस बुद्धा का चाहिए." त्यांना मी म्हणते, रस्ता मोकळा आहे. माझे हात कोणी मागितले तर म्हणते, चेहऱ्यासकट घ्या, नाहीतर नको.

मागच्या जयंतीला विजू आला होता. नातीला घेऊन. नात खाली बसून हिरो ओळखत होती. त्यानं खिशातून मोबाइल काढला, मुलीचा फोटो काढायला, पडद्यापुढं. मी खुर्चीतून उठले नाही.

"आधी नाव घे," मी म्हणाले.

रस्त्यावरून कारखान्याची बस जात होती. त्याच्या ऑफिसातले लोक खिडकीत होते. त्यानं बसकडे बघितलं. मोबाइल खिशात ठेवला. नातीचा हात धरला आणि गेला.

त्याला दार बंद नाही. जेवायला आला तर वाढीन. पण पडद्यापुढं अट सगळ्यांना एक आहे. पोटच्याला सूट नाही. मी मेल्यावर ती खुर्ची वच्छलाबाई घेईल, तसं आमचं बोलणं झालं आहे. हे वाचणाऱ्यालाही तीच अट. नाव मी लिहिलेलं नाही. तुम्ही घ्या. मोठ्यानं.

कात्री दिली ती मी. टाके घातले ते मी. फिटरची विधवा, चौथी पास, राहणार विहाराच्या मागच्या खोलीत, भोपाळ.